उरलेल्या कार्पेटचा गालिचा : कापण्याआधी काय करायचं आणि कडा कशा बांधायच्या

खोलीभर कार्पेट बसवून झालं की एक-दोन मोठे तुकडे उरतातच. त्यांचा गालिचा करायचा म्हणजे हवा तसा चौकोन कापायचा आणि कडेला पट्टी चिकटवायची, एवढंच काम आहे असं वाटतं. म्हणून बहुतेक जण तुकडा उलगडला की लगेच कात्री लावतात. महिन्याभरात एक कोपरा वर येतो, कडेचे धागे सुटायला लागतात, पट्टी एका बाजूने निघते आणि सगळं खापर फुटतं चिकटावर. चिकटाचा दोष क्वचितच असतो. एक तर तुकडा पुरता सपाट व्हायच्या आधीच कापलेला असतो, नाहीतर कापलेली कड बंद न करताच तिच्यावर पट्टी चढवलेली असते.

प्रत्यक्ष कापण्याचं काम फार तर अर्ध्या तासाचं. पण त्याआधी तुकडा पूर्ण एक दिवस नुसता पडून राहायला हवा आणि नंतर कडांसाठी एक-दोन संध्याकाळी मोकळ्या ठेवायला हव्यात. तेवढी सवड नसेल तर तुकडा गुंडाळून ठेवा. घाईने कापलेला तुकडा पुन्हा मोठा होत नाही.

सामान आधी जमवून ठेवा

जाड मुठीचा, पाती बदलता येणारा कटर आणि भरपूर नवी पाती. कागद कापायचा बारीक कटर इथे चालत नाही, त्याचं पातं वाकतं आणि कड तिरकी होते. निदान एक मीटर लांबीची धातूची सरळ पट्टी, गुण्या, मोजायची टेप, शिंप्याचा खडू. कार्पेटसाठीचा लॅटेक्सचा चिकट आणि तो लावायला जुना ब्रश. कड शिवणार असाल तर वाकडी सुई, मेण लावलेला जाड दोरा, अंगुस्तान, भोकं पाडायला आरी आणि सुई ओढून काढायला छोटी पक्कड. पक्कड बहुतेक याद्यांमध्ये नसते. ती नसली की तासाभरात बोटं सोलतात.

१. तुकडा गालिचा होण्याजोगा आहे का?

आधी तुकडा उलटा करून पाठ बघा. कार्पेटच्या पाठीला सहसा दोन थर असतात. वरच्या थरात लव, म्हणजे पायाखाली येणारे मऊ धागे, ओवलेली असते, खालचा थर त्याला आधार देतो आणि या दोघांना धरून ठेवतो तो मधला लॅटेक्सचा लेप. तो लेप मेला असेल तर पुढची सगळी मेहनत वाया. ओळखायचं असं : कोपऱ्यावर दोन्ही थर चिमटीत धरून एकमेकांपासून ओढा. जोर लावूनही ते सुटत नसतील तर तुकडा चांगला. सालपट निघावं तसे अलगद वेगळे होत असतील, किंवा तुकडा झटकल्यावर खाली पांढरी भुकटी पडत असेल, तर तो टाकून द्या. भुकटी म्हणजे लॅटेक्समधला चुनखडीचा भराव. तो गळायला लागला की लव कशानेही टिकत नाही.

पाठ कशाची आहे तेही पाहा. तपकिरी, सुतळीसारखी विण असेल तर ती ताग. पांढरट किंवा करडी, किंचित चमकणारी जाळी असेल तर ती प्लॅस्टिकच्या धाग्याची. तिसरा प्रकार फोमच्या पाठीचा. फोममध्ये टाका धरत नाही, दोरा ओढला की तो चिरत जातो. असा तुकडा शिवून बांधायच्या गालिच्यासाठी घेऊ नका.

जुन्या, वापरून काढलेल्या कार्पेटमध्ये आणखी एक गोष्ट हुंगून बघावी लागते. पाळीव प्राण्याच्या लघवीचा वास पाठीपर्यंत उतरला असेल तर तो धुऊन जात नाही. कोरडं असताना वास येत नाही, दमट हवेत येतो. म्हणून पाठीवर संशयाच्या जागी ओलं फडकं दाबा आणि मग हुंगा.

आता लव. ती दोन प्रकारची असते : टोकं कापलेली, मखमलीसारखी उभी, किंवा न कापलेली, फासांच्या रांगांची. फासांच्या कार्पेटमध्ये एक धागा रांगभर सलग गेलेला असतो. एक टोक ओढलं की अख्खी रांग उसवत जाते. दोन्हींचे गालिचे होतात, पण कापायची पद्धत उलटी आहे. ती चौथ्या टप्प्यात.

शेवटची परीक्षा धाग्याची. लवेतली चिमूटभर तंतू कात्रीने काढा, लॅटेक्स लागलेली नको. वाटीभर पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब घाला आणि तंतू पाण्याखाली बोटांनी दाबून त्यांतली हवा काढा. सोडल्यावर ते वर तरंगले तर कार्पेट पॉलीप्रॉपिलीनचं. त्याची घनता पाण्यापेक्षा कमी, सुमारे ०.९१. नायलॉन, पॉलिस्टर आणि लोकर बुडतात. हे कशासाठी बघायचं? पॉलीप्रॉपिलीन १६० ते १६५ अंश सेल्सिअसला वितळतं आणि कडेची पट्टी पक्की करायला वापरतात त्या जास्त तापमानाच्या ग्लू गनमधला गोंद १९० च्या आसपास तापलेला असतो. कडेवरची लव आक्रसून तिच्या कडक गाठी होतात त्या यामुळेच.

तपासणी : थर सुटत नाहीत, भुकटी नाही, वास नाही, लवेचा आणि धाग्याचा प्रकार कळला. यातलं एखादं जरी अडलं तरी पुढे जाऊ नका.

२. झटकणं, धुणं, सपाट करणं

नवा तुकडा असेल तर नुसता झटकून भागतं. वापरलेला असेल तर तो लव खाली करून पसरा आणि पाठीवर काठीने हलकेच थोपटा. उचलल्यावर खाली जी वाळू दिसेल तिच्यामुळेच कटरचं पातं दोन हात जायच्या आत बोथट होतं. मग दोन्ही बाजूंनी व्हॅक्यूम फिरवा.

धुवायचं असेल तर कापायच्या आधी धुवा. प्लॅस्टिक जाळीच्या पाठीचं कार्पेट सौम्य साबणाच्या पाण्याने धुतलं तर चालतं, पण साबण पूर्ण निघाला पाहिजे, नाहीतर राहिलेला साबण धूळ धरतो. तागाच्या पाठीचं कार्पेट भिजवू नका. ताग आकसतो, कार्पेट वेडंवाकडं होतं आणि तागाचा तपकिरी रंग लवेच्या टोकापर्यंत चढतो. ते फक्त पिळलेल्या फडक्याने वरवर पुसायचं.

गुंडाळून ठेवलेला तुकडा उलगडला की त्याची टोकं वर वळलेली असतात. त्यावर उपाय म्हणजे तो उलट्या बाजूने, म्हणजे लव बाहेर ठेवून, सैलसर गुंडाळायचा आणि काही तास ठेवायचा. घट्ट गुंडाळलं तर पाठीला चिरा जातात, गार हवेत तर हमखास. नंतर उलगडून, सपाट जमिनीवर, उबदार खोलीत २४ तास पसरून ठेवा. घडीच्या खुणांवर फळी आणि वजन ठेवा. गरम इस्त्री फिरवून घडी काढायचा मोह टाळा, कारण वर सांगितलेलंच : लव वितळते.

सावधान : वळलेल्या तुकड्यावर घेतलेलं माप खोटं असतं. तुम्ही सरळ रेषेत कापता, तो नंतर सैल होतो आणि रेषेचा धनुष्य होतो. हा एक दिवस वाचवायला जाऊ नका.

३. माप आणि आखणी

माप ठरवताना तीन गोष्टी पाहा. गालिच्यावरून दार उघडणार असेल तर दाराखालची फट मोजा आणि तुकड्याची जाडी, खालच्या अस्तराची जाडी आणि वर निदान ५ मिलिमीटर मोकळी जागा एवढं तिच्यात बसतं का बघा. बसत नसेल तर गालिच्याची जागा बदला. लव कापून जाडी कमी करायचा उद्योग कोणी करू नये. दुसरं, पट्टी किंवा धागा बांधल्यावर प्रत्येक बाजूला २ ते ३ मिलिमीटर वाढतात. अगदी मोजक्या जागेत बसवायचं असेल तर तेवढं आधीच वजा करा. तिसरं, खोलीच्या मध्यभागी पसरायचा गालिचा भिंतीपासून ३० ते ४५ सेंटिमीटर लांब राहिला तर डोळ्याला बरा दिसतो. त्याहून जवळ गेला की अर्धवट बसवलेल्या कार्पेटसारखा वाटतो.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक : तुकड्याची एक कड सरळ दिसते म्हणून तिथूनच मोजायला सुरुवात करणं. भिंतीलगतची कड बसवणाऱ्याने भिंतीच्या वाकडेपणानुसार कापलेली असते. खिळ्यांच्या पट्टीवर ताणलेली असेल तर काठाजवळची पाठ भोकांनी अशक्त झालेली असते. कारखान्यातून आलेली कडसुद्धा आतल्या रांगांशी समांतर असेलच असं नाही. म्हणून चारही बाजूंनी निदान ३ सेंटिमीटर, खिळ्यांची भोकं असतील तर ५, सोडून द्या. नेमका याच ३ सेंटिमीटरांचा मोह पडतो आणि गालिचा कायमचा तिरका होतो.

पहिली रेषा कार्पेटच्या रांगेतून निघाली पाहिजे. तुकडा लव वर करून ठेवा आणि बोथट स्क्रूड्रायव्हर दोन रांगांच्या मधून, हलक्या हाताने, आपल्याकडे ओढत न्या. टोक योग्य जागी असेल तर ते आपोआप वाट धरतं. लव दोन्हीकडे आडवी होते आणि मधे पाठीची बारीक फिकट रेघ उघडी पडते. अडखळायला लागलं तर रांग सुटली. मागे जा आणि पुन्हा धरा. ही रेघ तुमची आधाररेषा. तिच्या दोन्ही टोकांना पातळ खिळा आरपार टोचला की तीच रेषा पाठीवर उतरते. नक्षीचं कार्पेट असेल तर चारही कोपरे असेच वरून टोचून घ्या, नाहीतर पाठीवर आखलेला चौकोन नक्षीला भलत्याच जागी कापतो.

पाठीवर खडूने आखा. कायमच्या शाईचा पेन नको, चिकट लागल्यावर शाई पसरते आणि फिकट रंगाच्या लवेत वर दिसते.

काटकोन गुण्याने सुरू करा, पण गुण्यावर विसंबून राहू नका. गुण्याची भुजा लहान असते, तिथली केसभर चूक दीड मीटरवर बोटभर होते. कोपऱ्यापासून एका बाजूवर ९० सेंटिमीटर आणि दुसऱ्या बाजूवर १२० सेंटिमीटरवर खूण करा. दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर १५० भरलं तर कोपरा काटकोनात. चौकोन पूर्ण झाला की दोन्ही कर्ण मोजा. १२० × १८० सेंटिमीटरच्या गालिच्याचे कर्ण प्रत्येकी २१६.३ सेंटिमीटर येतात. दोन कर्णांत ५ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर खडू पुसून पुन्हा आखा.

सावधान : चौकोन सोडून दुसरा आकार, म्हणजे खांबाभोवतीची खाच किंवा एका बाजूला कापलेला कोपरा, पाठीवर आखताना उजवं-डावं उलटतं. कागदाचा नमुना कापा, त्यावर 'वर' असं लिहा आणि पाठीवर ठेवताना ते अक्षर खाली करा.

४. कापणं

कापलेल्या लवेचं कार्पेट पाठीकडून कापायचं. फासांचं कार्पेट वरून, रांगेच्या वाटेतून कापायचं. हे उलटं केलं तर काय होतं? मखमली कार्पेट वरून कापलं की पातं लवेची टोकं भादरत जातं आणि कडेला टक्कल पडल्यासारखी पट्टी दिसते. फासांचं कार्पेट पाठीकडून कापलं की रेषा कुठेतरी रांग ओलांडते, फास मधेच तुटतात आणि ते सुटे तुकडे पुढे उसवण्याचं निमित्त होतात.

तुकड्याखाली पुठ्ठा किंवा जुनी फळी ठेवा. धातूची पट्टी रेषेवर ठेवून तिच्यावर एक गुडघा रोवा, बोटं पट्टीच्या काठापासून लांब. पट्टी नेहमी गालिच्यात राहणाऱ्या भागावर ठेवायची. म्हणजे हात घसरलाच तर कटर टाकाऊ भागात जातो. पातं एवढंच बाहेर काढा की पाठ कापली जाईल, लव नाही. पहिला घास हलका, नुसती वाट पाडणारा. दुसऱ्या-तिसऱ्यात पाठ तुटते. एका दमात जोराने कापायला गेलं की पातं पट्टीवर चढतं.

पाती बदलण्यात कंजुषी नको. पाठीतला चुनखडीचा भराव पात्याला दगडासारखा झिजवतो. कटर ओढताना करकर आवाज येऊ लागला किंवा पाठीचे धागे कापले न जाता ओढले जाऊ लागले की पातं बदला, मग ते एका बाजूपुरतंच का चाललं असेना. कोपऱ्यावर रेषेच्या पुढे जाऊ नका. पुढे गेलेला काप पट्टीखाली झाकला जातो खरा, पण पाठ तिथूनच चिरते.

कात्रीबद्दल वेगळं सांगायला नको, पण लोक वापरतात म्हणून : कात्रीने सरळ कड येत नाही. ती फक्त शेवटी, बाहेर आलेले तंतू छाटायला.

फासांच्या कार्पेटात कडेला एखादा फास सुटून लोंबत असेल तर तो ओढू नका. बुडाशी कापा.

५. दोन तुकडे जोडायचे असतील तर

एकाच तुकड्यात भागत असेल तर हा टप्पा सोडून सहाव्याकडे जा.

जोडणीत लवेची दिशा सगळ्यात महत्त्वाची. तळहात फिरवला की एका दिशेने लव मऊ झोपते, उलट दिशेने उभी राहते आणि गडद दिसते. दोन्ही तुकड्यांची लव एकाच दिशेला झोपली पाहिजे. नाहीतर एकाच कार्पेटचे दोन तुकडे दोन रंगांचे दिसतात. प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर खडूने बाण काढून ठेवा.

वेगवेगळ्या जाडीचे तुकडे जोडून ठिगळांचा गालिचा करायची कल्पना चित्रात छान दिसते. चालताना उंच तुकड्याच्या कडेला अंगठा अडकतो. जाडीत २ मिलिमीटरहून जास्त फरक असेल तर त्या दोन तुकड्यांचा नाद सोडा.

जोडायच्या दोन्ही कडांना आधी लॅटेक्स लावून वाळवा. मग तुकडे लव खाली करून शेजारी ठेवा, कडा भिडवा, मधे सापडलेली लव सुईच्या बोथट टोकाने खाली ढकला. वाकड्या सुईने पाठीतून, कडेपासून १ सेंटिमीटर आत, साधारण १ सेंटिमीटर अंतराने टाके घ्या. टाका पाठीतच राहिला पाहिजे, वरच्या बाजूला दोरा दिसता कामा नये. शेवटी सांध्यावर लॅटेक्स पसरून ८ ते १० सेंटिमीटर रुंद जाड सुती पट्टी दाबा, वर मेणकागद, त्यावर फळी, त्यावर वजन. रात्रभर हात लावू नका.

कार्पेट बसवणारे गरम करून चिकटवायची तयार पट्टी वापरतात, पण त्यासाठी त्यांच्याकडे वेगळी इस्त्री असते. घरच्या कपड्यांच्या इस्त्रीने तो प्रयोग नको.

६. कापलेली कड बंद करणं

हाच तो टप्पा, जो सगळे गाळतात. पट्टी चढली की कड झाकली गेली, आता तिला काय होणार, असं वाटतं. पण पट्टी कड झाकते, धरत नाही. आतली लव रोजच्या पावलांनी सैल होत राहते आणि पट्टीच्या आतून तंतूंचे झुपके बाहेर येतात.

तुकडा लव खाली करून टेबलाच्या काठाशी असा ठेवा की कड जरा बाहेर येईल. ब्रशच्या टोकावर थोडंच लॅटेक्स घ्या आणि कापलेल्या पाठीच्या जाडीवर आणि पाठीवर ५ मिलिमीटर आतपर्यंत पातळ थर लावा. लवेवर थेंब उतरला तर ओल्या फडक्याने लगेच पुसा. वाळल्यावर तो निघत नाही, लव कापावी लागते. लावताना लॅटेक्स दुधी दिसतं, वाळलं की पारदर्शक होतं. कोपऱ्यांवर दुसरा हात द्या.

लाकडाचा पांढरा गोंद इथे चालवू नका. तो वाळून कडक होतो, कड वाकली की तडकतो आणि ओल लागली की पुन्हा मऊ पडतो. पायपुसण्यासाठी तर तो अजिबात नको.

तपासणी : वाळलेल्या कडेवरून अंगठा दाबून फिरवा. एकही तंतू हाताला लागत नसेल आणि कड रबरासारखी लवत असेल तरच पुढे. ओलसर कडेत सुई घातली तर लॅटेक्सचे गोळे दोऱ्याबरोबर वर येतात.

७. कड बांधणं

तीन मार्ग आहेत. त्यांत माझा कल उघड आहे : हाताने धाग्याची गुंफण सगळ्यात टिकते, कापडी पट्टी शिवणं त्याच्या खालोखाल आणि चिकट पट्टी झटपट कामापुरती. इस्त्रीने चिकटणाऱ्या कापडी पट्ट्या या कामाच्याच नाहीत.

चिकट पट्टी. ही तयार मिळते. एका बाजूला चिकट पट्टा पाठीला बसतो आणि उभा काठ कडेला टेकतो. पाठ आधी कोरड्या ब्रशने साफ करा, भुकटीवर काहीच चिकटत नाही. पट्टी न ताणता बसवा आणि नंतर पाठ व काठ यांच्या मधल्या बेचक्यात ग्लू गनने सलग रेघ द्या. कार्पेट पॉलीप्रॉपिलीनचं असेल तर कमी तापमानाची गन घ्या आणि आधी छाटलेल्या तुकड्यावर करून बघा.

शिवलेली कापडी पट्टी. कापड जाड सुती घ्या आणि आधी धुऊन आकसवून घ्या. न धुतलेली पट्टी पहिल्या ओलीत आकसते आणि अख्ख्या गालिच्याला वाटीसारखी वळवते. रुंदीचा हिशोब असा : १ सेंटिमीटर शिवणीला, १ वर दिसायला, कार्पेटची जाडी जेवढी असेल तेवढी, पाठीवर २ आणि दुमडायला १. जाडी १ सेंटिमीटर असेल तर पट्टी ६ सेंटिमीटर रुंद. लांबी म्हणजे परीघ अधिक १५ सेंटिमीटर. १२० × १८० च्या गालिच्याला ६१५ सेंटिमीटर.

पट्टी सुलट बाजू खाली करून लवेवर ठेवा, दोघांच्या कडा जुळवा आणि कडेपासून १ सेंटिमीटरवर शिवत जा. सुरुवात बाजूच्या मध्यावर, कोपऱ्यावर कधीच नाही. घरच्या शिलाई मशीनखाली हे घालू नका, सुई तुटते. आरीने भोक पाडा, सुई घाला, पक्कडीने ओढा. कोपऱ्यापासून १ सेंटिमीटर आधी थांबा, पट्टी तिरकी दुमडून ४५ अंशांची घडी करा आणि मग दुसरी बाजू सुरू करा. सगळं फिरून झालं की पट्टी कडेवरून मागे वळवा, टोक दुमडा आणि पाठीला टाके घाला किंवा लॅटेक्सने चिकटवा. शिवताना पट्टी ताणली गेली तर कडेला लाटा येतात. पाठीवर चिकटवल्यानंतर त्या निघत नाहीत. म्हणून प्रत्येक बाजू शिवून झाली की गालिचा जमिनीवर टाकून बघा.

गोल गालिच्याला सरळ कापलेली पट्टी बसत नाही, चुण्या पडतात. पट्टी कापडाच्या तिरक्या रेषेत कापावी लागते, नाहीतर पट्टी सोडून खाली दिलेल्या धाग्याच्या गुंफणीकडे वळावं.

धाग्याची गुंफण. जाड ॲक्रिलिक किंवा नायलॉन धागा घ्या, कार्पेटच्या रंगाहून एक छटा गडद. कडेला लागून एक जाड दोरी ठेवायची आणि धागा दोरीसकट कडेभोवती गुंडाळत टाके घ्यायचे : वरून खाली, कडेवरून पुन्हा वर, तिरके आणि एकमेकांना चिकटून. दोरीमुळे कड गोलसर भरते आणि धागा कापलेल्या काठावर घासत नाही. भोकं कडेपासून ८ ते १० मिलिमीटर आत. त्याहून जवळ घेतली तर ओढ लागताच पाठ फाटते. शिवाय सगळी भोकं एकाच सरळ रेषेत आली तर पाठ टपाल तिकिटाच्या काठासारखी तिथूनच सुटते. एक टाका किंचित आत, दुसरा किंचित बाहेर, असं घेत जा.

धागा किती लागेल याचा अंदाज नेहमी कमी पडतो. १ सेंटिमीटर जाड कार्पेटला एका वेढ्यात साधारण साडेचार सेंटिमीटर धागा जातो. दर ३ मिलिमीटरला एक वेढा धरला तर एक मीटर कडेला सुमारे १५ मीटर. म्हणजे ६ मीटर परिघाला ९० मीटर. आधी छाटलेल्या तुकड्यावर १० सेंटिमीटर गुंफा, तेवढ्याला किती धागा गेला ते मोजा आणि त्या मापाने एकदमच घ्या. अर्ध्यावर धागा संपला की तीच छटा पुन्हा मिळेलच असं नाही.

कोपरे टोकदार ठेवू नका. कड बंद करण्याआधीच ते किंचित गोल छाटलेले असावेत. कोपऱ्याच्या एकाच भोकातून तीन वेढे पंख्यासारखे पसरून घेतले की टोकाची पाठ उघडी राहत नाही. धागा संपवताना गाठ मारायची नाही. टोक मागच्या सात-आठ वेढ्यांखालून ओढून कापायचं. गाठ पायाखाली खुपते आणि शेवटी सुटतेच.

तपासणी : गालिचा जमिनीवर टाका, चारही कोपरे हाताने दाबून सोडा. एखादा वर येत असेल तर तो उलट बाजूला हलका वाकवून, वजनाखाली दोन दिवस ठेवा. तरीही उठत असेल तर त्या बाजूची पट्टी किंवा धागा ताणला गेला आहे. तेवढाच भाग उसवून सैल शिवा.

८. घसरू नये म्हणून

घरी केलेला गालिचा हलका असतो आणि गुळगुळीत फरशीवर हमखास सरकतो. खाली न घसरणारं अस्तर घाला. ते प्रत्येक बाजूने २.५ सेंटिमीटर लहान कापा, म्हणजे बाहेर डोकावत नाही आणि गालिच्याच्या कडा जमिनीला टेकतात. अस्तर निवडताना फरशी कोणती ते बघा. विनाइलच्या फरशीवर रबराचं अस्तर ठेवलं तर पिवळट डाग पडतो आणि तो पुसून जात नाही. पॉलिश केलेल्या लाकडावर स्वस्त प्लॅस्टिकची जाळी काही महिन्यांनी चिकटून बसते. अशा जमिनीवर नमद्याचं, किंवा त्या फरशीला चालतं असं वेष्टनावर स्पष्ट लिहिलेलंच अस्तर घ्या.

दुहेरी चिकट टेप नको. निघताना ती फरशीचं पॉलिश तरी नेते, नाहीतर पाठ तरी. साध्या दगडी किंवा चिनीमातीच्या फरशीवर पाठीला लॅटेक्सचे ठिपके देऊन भागतं. ते पूर्ण वाळू द्या आणि आधी फरशीच्या कोपऱ्यात दोन दिवस ठेवून डाग पडतो का बघा.

एका पायावर गालिच्याच्या टोकाशी उभं राहून, हाताने आधार धरून, हलका धक्का देऊन पाहा. सरकला तर अजून वापरात आणू नका. जिन्याच्या पहिल्या पायरीशी मात्र कसंही अस्तर असलं तरी हा गालिचा टाकायचा नाही. शेगडी किंवा उघड्या ज्वाळेजवळही नाही. कृत्रिम धागा ठिणगीने वितळतो.

९. पहिले काही आठवडे

नव्या गालिच्यातून सुरुवातीला तंतू सुटतात, ते साहजिक आहे. एखादा झुपका वर आला तर तो ओढायचा नाही, बाकीच्या लवेच्या उंचीला कात्रीने छाटायचा. व्हॅक्यूम फिरवताना फिरता ब्रश बंद ठेवा, विशेषतः कडेजवळ. तो गुंफलेला धागा पकडतो आणि क्षणात हातभर उसवतो. ब्रश बंद होत नसेल तर मधून बाहेर असं न जाता कडेला समांतर फिरवा.

कड कुठे सुटलीच तर त्याच दिवशी बांधा. सुटलेल्या टोकाला लॅटेक्सचा थेंब द्या, वाळू द्या, मग त्याच्या दोन्ही बाजूंच्या तीन-चार वेढ्यांवरून नवा धागा घाला. छाटलेल्या पट्ट्यांपैकी एक चांगला तुकडा, उरलेला धागा आणि वाकडी सुई एका पिशवीत घालून ठेवा. लवेवर डाग किंवा जळल्याची खूण पडली तर तेवढी लव बुडाशी कापायची, या तुकड्यातून तेवढेच झुपके काढायचे, बुडाला लॅटेक्स लावून चिमट्याने एकेक उभे करायचे आणि वाळल्यावर उंचीला छाटायचे. भोक पाठीपर्यंत गेलं असेल तर ठिगळ पाठीकडून लावा आणि त्याची लव बाकीच्या लवेच्याच दिशेला झोपते आहे ना, ते चिकटवण्याआधी हात फिरवून बघा.